रिसानच्या राणीचा हप्ता

कामेनारीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा फेरी बंद होती. दक्षिणेचा वारा सुटला होता, तिकडे त्याला युगो म्हणतात. पावसाने तर आदल्या दुपारपासून उसंत घेतली नव्हती. फेरीने खाडी ओलांडली की अर्ध्या तासात कोटोर, तिथे जेवण सांगून ठेवलेलं. माझ्या बसमध्ये 34 माणसं होती. दिवाळीच्या सुट्टीतली क्रोएशिया-मॉन्टेनेग्रो टूर, सकाळी दुब्रोव्निकहून निघालेली आणि सीमेवर दीड तास खोळंबून आलेली. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं आणि हातानेच मोठा गोल काढून दाखवला. वळसा घालून जाऊ.

कोटोरची खाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समुद्र डोंगरात आत आत शिरत जातो, एका खाडीतून दुसऱ्या खाडीत, आणि मध्ये वेरिगे नावाची चिंचोळी सामुद्रधुनी लागते. सगळ्यात अरुंद जागी ती जेमतेम साडेतीनशे मीटर. वेरिगे म्हणजे साखळ्या. शत्रूची जहाजं अडवायला इथे या काठापासून त्या काठापर्यंत साखळ्या ताणत, असं सांगतात. या सामुद्रधुनीच्या आत, खाडीच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी रिसान आहे. आज लहानसं गाव. पण एके काळी ही सगळी खाडीच त्याच्या नावाने ओळखली जायची, रिझोनची खाडी. इलिरियन लोकांचं रिझोन, रोमनांचं रिसिनियम.

वळशाच्या रस्त्यावर रिसान लागतंच. खाडी समोर उघडली की मी माइक हातात घेतो आणि तेउता राणीची गोष्ट सांगतो. अकरा वर्षं या कामात आहे, ही गोष्ट निदान वीस वेळा सांगितली असेल. त्या दिवशीही सांगितली.

बावीसशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर इलिरियन टोळ्यांचं राज्य होतं. अग्रोन नावाचा राजा. त्याच्याइतकं सैन्य आणि जहाजं आधीच्या कुठल्याच इलिरियन राजाकडे नव्हती. इ.स.पू. 231 च्या सुमारास त्याने शंभर होड्यांतून पाच हजार माणसं ग्रीसमधल्या मेडिऑनला पाठवली आणि ईटोलियन लोकांना धूळ चारली. विजयाच्या आनंदात तो इतका प्यायला, की छातीत दुखणं उठून थोड्याच दिवसांत गेला. राजपुत्र पिन्नेस लहान, आणि तोही तेउताचा सावत्र मुलगा. कारभार तेउताकडे आला. तिच्या होड्या थेट ग्रीसपर्यंत धाडी घालू लागल्या, इटलीचे व्यापारी लुटले गेले, काही मारले गेले. रोमने दोन दूत पाठवले. त्यातला धाकटा उद्धटपणे बोलला, तो परतीच्या वाटेवर मारला गेला. मग इ.स.पू. 229 मध्ये रोमची 200 जहाजं, 20,000 पायदळ आणि 2,000 घोडेस्वार अॅड्रिअॅटिक ओलांडून आले. राणी मोजक्या माणसांनिशी इथे, रिसानला येऊन राहिली. आणि रोमनांच्या हाती लागण्यापेक्षा तिने या कड्यावरून समुद्रात उडी घेतली.

या वाक्यावर बसमध्ये दर वेळी शांतता होते. मोबाइल खिडक्यांकडे वळतात. त्या दिवशीही वळले. फक्त तिसऱ्या रांगेतल्या वेंगुर्ल्याच्या काकूंनी मोबाइल काढला नाही. त्या काचेतून वरच्या कड्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

रिसान मागे पडून एखादा किलोमीटर गेलो असू, तोच पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागले. बस थांबली. इंजिन बंद केल्यावरही घरघर चालूच होती. पहिल्यांदा वाटलं, पुढे एखादा ट्रक असेल. मग ड्रायव्हरने डावीकडे बोट दाखवलं.

डोंगराच्या उभ्या कातळातून, रस्त्याच्या बऱ्याच वर असलेल्या गुहेच्या तोंडातून पाणी बाहेर कोसळत होतं. वरून खाली वाहत येणारा धबधबा वेगळा. हे पाणी डोंगराच्या पोटातून, आतून कोणीतरी ढकलल्यासारखं बाहेर पडत होतं. पांढरं, घट्ट, आणि इतक्या जोराने, की समोरच्या काचेवर तुषार येत होते. रस्त्याखालून ते सरळ खाडीत घुसत होतं, आणि हिरव्या पाण्यात दूरवर एक गढूळ जीभ गेलेली दिसत होती. हेच सोपोत. उन्हाळ्यात इथून गेलं की कातळात नुसतं एक काळं कोरडं भोक दिसतं. अकरा वर्षांत मी तेच पाहिलं होतं.

रिसानच्या डोक्यावर ओर्येनचा डोंगर आहे. वर क्र्क्वित्से नावाची वाडी आहे, तिथे वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. युरोपातलं सगळ्यात जास्त पावसाचं ठिकाण म्हणून त्याची गणना होते. सगळा डोंगर चुनखडीचा. त्यामुळे वर पडलेला पाऊस नदीनाल्यांत थांबत नाही, भेगांतून आत मुरतो, पोटातल्या पोकळ्या भरत जातात, आणि त्या भरल्या की पाणी सोपोतमधून असं एकदम बाहेर येतं. मी हे माइकवर सांगितलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "आंबोलीपेक्षा कमीच की रे मग." मग पुन्हा बाहेर बघून म्हणाल्या, "पण आंबोलीचा पाणी वरसून पडता. ह्यां डोंगर ओकता."

पोलीस आला. पुढे रस्त्यावर दगड आले होते, ते काढेपर्यंत कोणालाही सोडणार नव्हते. किती वेळ? त्याने खांदे उडवले. कोटोरला फोन करून जेवण पुढे ढकललं, पुण्याच्या ऑफिसला कळवलं, हेडकाउंट घेतला. ड्रायव्हरने बस मागे घेत घेत रिसानच्या किनाऱ्यावर आणून लावली. बाहेर पाऊस जरा कमी झाला होता. आत पिशव्या उघडल्या गेल्या. दिवाळीचा शेवटचा फराळ होता, चिवडा, शंकरपाळे, कोणाकडे बेसनाचे लाडू. पोलिसालाही एका कागदावर चकल्या गेल्या.

काकू पुढे येऊन माझ्या बाजूच्या सीटवर बसल्या.

त्यांच्याबद्दल टूरच्या पहिल्या दिवसापासून मला एवढंच माहीत होतं, की त्या एकट्या आल्यात. मुलाने पैसे भरून पाठवलंय. सगळ्यांशी प्रमाण मराठीत बोलायच्या, मनातलं बोलायचं झालं की मालवणीत.

"झिला," त्या म्हणाल्या, "तू सांगलंस तां माका पटूक नाय."

"काय काकू?"

"ती उडी. नवरो गेल्यावर बायलमाणूस उडी मारूक जाणा नाय. हिशोब बघूक बसता."

मग त्यांनी सांगितलं. सात वर्षांपूर्वी त्यांचे यजमान सकाळी बंदरावरून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. दोन ट्रॉलर, त्यातल्या एकावर कर्ज. मुलगा आठवीत. तेरावं झालं नाही तोच बँकेची माणसं दारात. डिझेलवाला, बर्फवाला, जाळीवाला, ज्यांना त्या आजवर फक्त चहा देत होत्या, ते सगळे आपापल्या वह्या घेऊन ओटीवर. तांडेलाने विचारलं, उद्या बोट सोडू का नको? चौदा खलाशांची घरं त्या उत्तरावर होती. "मी एक बोट इकलंय आणि एक ठेवलंय," त्या म्हणाल्या. "इकलेल्या बोटीर जे खलाशी होते, तेंतले पाच दुसऱ्यांकडे लावून दिलंय. पाण्याकडे बघूक माका टायम खय होतो?"

त्यांचा आवाज कुठेही चढला नाही की पडला नाही. मी गप्प बसलो. मला एकच गोष्ट टोचत होती. त्या उडीची गोष्ट मी कुठे वाचली होती, हे मला सांगता आलं नसतं. पहिल्या वर्षी एका लोकल गाइडकडून ऐकली होती आणि तेव्हापासून ती माझी झाली होती.

पाऊस थांबल्यासारखा झाला तेव्हा ज्यांना यायचं होतं त्यांना घेऊन मी रोमन मोझेक बघायला गेलो. हे आमच्या कार्यक्रमात नव्हतं. गावात शिरताच, छपराखाली जपून ठेवलेली एक रोमन हवेली आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्यात, पण खोल्यांच्या जमिनी शाबूत. लहान लहान दगडी तुकड्यांनी भरलेली नक्षी, समुद्रातले जीव, आणि झोपायच्या खोलीच्या मधोमध एका वर्तुळात हिप्नोस. निद्रेचा देव. पंख असलेला, उशीला रेलून झोपलेला एक तरुण मुलगा. 1930 मध्ये तो मातीखालून वर आला. मोझेकमध्ये हिप्नोस फार क्वचित बघायला मिळतो. मी खाली बसून बघितलं. गालावरचे तुकडे नखाएवढेही नव्हते, फिकट गुलाबी, मग थोडे गडद, मग तपकिरी, आणि मिटलेल्या पापणीची कड एकाच काळ्या ओळीने काढलेली. ज्याने ती ओळ लावली, त्याला झोपलेलं माणूस नीट बघायची सवय असणार.

तिकिटं देणारी मुलगी गावातलीच होती आणि इंग्रजी चांगलं बोलत होती. आम्ही सोडून कोणी आलं नव्हतं, त्यामुळे तिला वेळ होता. काकूंनी मला सांगितलं, हिला विचार. मी विचारलं, राणीने उडी कुठून मारली?

ती हसली नाही. म्हणाली, माझी आजी सांगायची, त्या तिथून, आणि दारातून वरच्या ग्रादिना टेकडीकडे बोट केलं. तिथे जुन्या इलिरियन गढीचे अवशेष आहेत. आजी असंही सांगायची, की जुनं शहर भूकंपात बुडालं आणि समुद्र शांत असला की भिंती दिसतात. राणीचं सोनं अजून डोंगरात कुठेतरी आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेललाही तेउताचंच नाव आहे. "गाव तिचंच आहे," ती म्हणाली. "पण पुस्तकात उडी नाही."

मग तिने जे सांगितलं ते माझ्या अकरा वर्षांच्या माइकवर कधीच आलं नव्हतं. गावाच्या कडेला कारिने नावाची जागा आहे. वॉर्सा विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे बरीच वर्षं खोदकाम केलंय. 2010 मध्ये एका जुन्या घराच्या जमिनीत त्यांना नाण्यांचा साठा सापडला. साडेचार हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांवर बॅलाइओस राजाचं नाव. हा बॅलाइओस कोण? कुठल्याही ग्रीक किंवा रोमन लेखकाने त्याचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. त्याच्याबद्दल जे काही कळतं ते नाण्यांवरून.

मी हे काकूंना मराठीत सांगितलं. त्या बराच वेळ हिप्नोसकडे बघत राहिल्या. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "ह्या राजाचो नुसतो गल्लो गावलो, आणि राणीची नुसती बदनामी."

रिसानच्या इतिहासावर मी नंतर बरंच वाचलं, पण याहून नेमकं मला अजून कोणाचं सापडलेलं नाही.

बसमध्ये परत आलो. पोलीस म्हणाला, अजून तास-दीड तास. मी मोबाइलवर पॉलिबियस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचं इंग्रजी भाषांतर काढलं. तेउताबद्दल सगळ्यात जुनं आणि सविस्तर लिहिलेलं त्याच्याच इतिहासात आहे. एकेक परिच्छेद वाचून मी काकूंना मराठीत सांगू लागलो. हळूहळू मागचे लोकही पुढे सरकले.

रोमचे दूत आले तेव्हा राणी इस्सा बेटाला वेढा घालून बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, की राज्य म्हणून रोमला त्रास होणार नाही हे मी बघेन, पण आपल्या प्रजेला समुद्रावर कमाई करण्यापासून रोखणं ही इलिरियन राजांची रीत नाही. धाकटा दूत म्हणाला, मग राजाने प्रजेशी कसं वागायचं ती रीतच आम्ही तुम्हाला बदलायला लावू. पॉलिबियस लिहितो, की बायकी रागाने तिने दूरचा विचार केला नाही. त्याआधी एकदा, ती सत्तेवर येते तिथेही, बायकी बुद्धी असं म्हणून झालंय.

"हो तिका कधी भेटलेलो?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. या लढाईनंतर तीसेक वर्षांनी तो जन्मला."

"हं. पण दूताक मारूचा नाय होता. तां तिचा चुकला." त्यांनी हे असं सांगितलं, जसं आपल्याच घरातल्या कोणाबद्दल सांगावं.

मग शेवट आला. मी आधी मनात वाचला आणि मोठ्याने वाचायला मला एक क्षण लागला. राणी थोड्या माणसांसह रिझोनला गेली. पॉलिबियस त्या जागेला समुद्रापासून दूर, रिझोन नदीकाठी, मजबूत तटबंदीची म्हणतो. समुद्रापासून दूर हे मला आधी चुकीचं वाटलं, बस तर पाण्याला लागून उभी होती. पण खुल्या समुद्रातून जहाज घेऊन येणाऱ्याला वेरिगेची चिंचोळी वाट ओलांडून इतकं आत यावं लागतं, की त्याला हे दूरच. ही जागा लपायला नाही, टिकायला निवडलेली होती. हिवाळा तिने इथे काढला. आणि इ.स.पू. 228 च्या वसंतात रोमकडे दूत पाठवून तह केला. ठरेल ती खंडणी देईन. इलिरियाचा बहुतेक मुलूख सोडेन. आणि लिस्सस बंदराच्या दक्षिणेला माझ्या दोनपेक्षा जास्त होड्या जाणार नाहीत, त्याही हत्याराशिवाय.

बस. पुढे तिच्याबद्दल एक ओळही नाही. उडी नाही.

"बघ," काकू म्हणाल्या.

त्या खूश झाल्या नव्हत्या. त्यांचं डोकं वेगळीकडेच लागलं होतं. "एका होडीत किती माणसां?"

मी हिशेब केला. शंभर होड्यांतून पाच हजार गेले होते, म्हणजे एकीत पन्नास.

"आणि दोनच सोडूच्यो?" त्यांनी बोटं मोजली. "मगे बाकीच्या खलाशांनी खावचा काय?"

दोन होड्यांची ही अट मी आधी कुठे कुठे वाचली होती. दर वेळी ती मला तहातलं एक कलम वाटली होती. काकूंना तिच्यात किनाऱ्यावर उलट्या घालून ठेवलेल्या होड्या दिसल्या आणि त्यांच्या शेजारी बसलेली माणसं.

इतका वेळ ड्रायव्हर आमच्याकडे बघत होता. तो उल्सिन्यचा, अल्बेनियन बोलणारा. तेउता हे नाव सारखं येत होतं, तेवढं त्याला कळत होतं. त्याने डॅशबोर्डवरच्या सुट्ट्या पैशांच्या डब्यात बोटं घातली, युरो बाजूला केले आणि एक नाणं काढून काकूंच्या तळहातावर ठेवलं. अल्बेनियाचं 100 लेकचं नाणं, दोन धातूंचं, कडा एका रंगाची आणि मधला भाग दुसऱ्या. त्यावर एका स्त्रीचा चेहरा. "तेउता," तो म्हणाला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आमची.

काकूंनी चष्मा वर करून नाणं डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने पुसलं. ते खूप वापरलेलं होतं, चेहऱ्याचं नाक झिजलेलं. मग त्यांनी मला सांगितलं, त्याला विचार, याच्या घरी साप मारतात का?

हा प्रश्न कुठून आला हे आधी सांगायला हवं. सकाळी सीमेवरच्या रांगेत वेळ घालवायला मी कॅडमसची गोष्ट सांगितली होती. थीब्ज शहर वसवणारा कॅडमस म्हातारपणी बायको हार्मोनियाला घेऊन या किनाऱ्यावर आला, इथल्या एन्खेलियन लोकांचा, म्हणजे ईल माशांच्या लोकांचा, राजा झाला. त्यांना इथे झालेला मुलगा इलिरियोस, त्याच्यावरून इलिरिया. शेवटी नवराबायको दोघंही साप होऊन राहिले. समुद्रमार्गांचं वर्णन करणाऱ्या एका प्राचीन ग्रीक ग्रंथात कॅडमस आणि हार्मोनियाचे दगड आणि त्यांचं देऊळ रिझोनच्याच परिसरात सांगितलंय. जवळचं बुडवा शहरसुद्धा कॅडमसनेच वसवलं म्हणतात.

मी ड्रायव्हरला विचारलं. तो गंभीर झाला. नाही, म्हणाला. घरातल्या सापाला आजी हात लावू द्यायची नाही, तो घर राखतो.

"राखणदार," काकू मला म्हणाल्या, आणि पुन्हा थेट त्यालाच, "राखणदार." त्याने मान डोलावली. शब्द त्याला कळणं शक्य नव्हतं. त्यांनी नाणं परत द्यायला हात पुढे केला, तर त्याने त्यांची मूठ मिटवून टाकली.

साडेचारला रस्ता सुटला. सोपोतपाशी बस अगदी सावकाश गेली आणि काचा बंद असूनही घसा ओला झाल्यासारखा वाटला. पेरास्तची दोन बेटं धुक्यात होती. कोटोरच्या तटबंदीवर चढायचा वेळ राहिला नाही. जेवण आणि चहा एकत्रच झाला. दोघांनी तक्रार लिहून दिली, की कोटोर नीट बघायला मिळालं नाही, आणि ती रास्त होती.

पुण्याला परतल्यावर मात्र मी हे सोडलं नाही. आमच्या धंद्यात माणसं दहा दिवस आपल्यावर विश्वास ठेवतात. रस्ता, पासपोर्ट, औषधांच्या वेळा, सगळं आपल्या हातात देतात, आणि माइकवरून येणारा प्रत्येक शब्द खरा मानून घरी नेतात. मी वीस बसभर माणसांना एका बाईचा मृत्यू खोटा सांगितला होता. गावाची दंतकथा म्हणून तो सांगायला हरकत नव्हती, गावाने तो जपलाय आणि जपण्याजोगाच आहे. पण मी तो इतिहास म्हणून सांगत होतो.

सुट्टीच्या दिवसांत वाचत गेलो. अप्पियन नावाचा दुसरा एक लेखक आहे, रोमन काळातला. त्याच्या लेखी तर तो दूत राणीला भेटलाच नाही. अग्रोन जिवंत असतानाच इलिरियन होड्यांनी त्याला वाटेत गाठून मारलं. म्हणजे काकूंनी ज्या एका गोष्टीबद्दल तिला दोष दिला, तीसुद्धा पक्की नाही. आणखी एक सापडलं. आर्थर इव्हान्स, ज्याने पुढे क्रीटमध्ये क्नोसॉसचा राजवाडा खणून काढला, त्याने 1880 च्या दशकात रिसानचे अवशेष तपासून त्यांच्यावर लिहिलं होतं.

पण मला जे हवं होतं ते लिव्ही या रोमन इतिहासकाराकडे मिळालं, एका ओळीत, कार्थेजच्या हनिबलशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत. इ.स.पू. 217. हनिबलने रोमची एक अख्खी फौज त्रासिमेनो सरोवराकाठी कापून काढलीय. रोमवर असा प्रसंग आला असतानाही सिनेट इलिरियात दूत पाठवतंय, पिन्नेस राजाकडे. तोच सावत्र मुलगा, आता राजा झालेला. कशासाठी? खंडणीच्या हप्त्याची तारीख उलटून गेलीय, तो मागायला. आणि मुदत वाढवून हवी असेल, तर ओलीस माणसं ताब्यात घ्यायला.

तह होऊन अकरा वर्षं झाली होती. तिने मान्य केलेलं देणं अजून चालू होतं, आणि राज्यही.

मी काकूंना ही ओळ मराठीत लिहून पाठवली. रात्री उशीर झाला होता, उत्तराची अपेक्षा नव्हती. पहाटे पाचला त्यांचा आवाजातला निरोप आला. मागे बंदराचा गलका, कोणाची तरी हाक, टोपल्या आपटल्याचा आवाज.

"हप्तो चुकलो म्हणान माणसां तारण?" त्या म्हणत होत्या. "बँकेन माझ्याकडसून घराचे कागद घेतल्यान. ह्येंनी तर माणसांच मागल्यानी." मग थोडा वेळ नुसताच गलका. "तां नाणा मी तिजोरीत नाय ठेवलंय हां. बोटीच्या कागदांच्या पिशयेत असा. पुढच्या येळेक जाशीत तेव्हा त्या ड्रायव्हराक सांग." मग दूर कोणालातरी, "इलंय, इलंय," आणि पुन्हा मला, "ठेवतंय झिला, लिलाव सुरू झालो."